सात नंबरच्या खाटेजवळचे गुरुवार

“आता काय करतोय तो?”

“उभा आहे. दाराशी.”

“नुसता?”

“खिशातून कागदी पुडी काढली. एक गोळी तोंडात टाकली.”

“लिंबाची का संत्र्याची?”

मी पडद्याकडे निरखून पाहिलं. टीव्ही काळापांढरा, आणि तोही वॉर्डाच्या पार त्या टोकाला, चाकांच्या टेबलावर. “ते कळत नाही,” मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले. “चित्रात रंग नाहीत.”

मिस्टर रॉस्ट्रन खूश झाले. मान हलवायची बंदी होती, म्हणून त्यांनी चादरीवरचं एक बोट तेवढं उचललं. “ऐकलंत का डॉयल?” ते शेजारच्या खाटेला उद्देशून म्हणाले. “ही पोर कळत नाही तर कळत नाही म्हणते. बाकीचे सकाळपासून नुसते ‘छान, छान’ करतात.”

१९६७ सालचा नोव्हेंबर. लँकशायरमधल्या एका गिरणगावातलं हॉस्पिटल, पुरुषांचा डोळ्यांचा वॉर्ड. मी वत्सला हावळ, इचलकरंजीची. मिरजेला नर्सिंग करून पुढच्या ट्रेनिंगसाठी विलायतेला आलेली, वय तेवीस, येऊन जेमतेम चार महिने झालेले. थंडीने बोटं फुटलेली आणि इंग्रजी अडखळतं.

दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ‘द क्वाएट डेस्क’ लागायचं. हेरगिरीची मालिका. रिकाम्या खोलीत टेलिफोन वाजतोय, कुणी उचलत नाही, मग एक हात येतो आणि एकट्या क्लॅरिनेटवर ती धून सुरू होते. तेवढ्यानेच अंगावर काटा यायचा. त्यात मेजर टॉलिव्हर म्हणून एक उंच, किडकिडीत, कमालीचा सभ्य माणूस होता. मारामारीच्या आधी समोरच्याला “माफ करा हं” म्हणायचा. खिशात कायम चघळायच्या गोळ्यांची पुडी. आणि त्याची साथीदार मिस क्वेल. मूळची पियानो शिकवणारी, त्यामुळे तिजोरीला नुसता कान लावून कुलूप उघडायची. सगळं इंग्लंड त्या वेळी या दोघांवर जीव टाकून होतं. आमच्या वॉर्डातले बाराच्या बारा पेशंट तर गुरुवार उजाडला की दाढी करून तयार.

मिस्टर रॉस्ट्रनना मात्र काहीच दिसत नव्हतं. ते सुती कापडाच्या गिरणीत विणकर. एकोणिसाव्या वर्षी मागावरून धोटा उडाला आणि उजवा डोळा गेला. राहिलेल्या डाव्या डोळ्याचा पडदा आता अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटला होता. ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. त्यात चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे कानही गेल्यातच जमा. टीव्हीचं बोलणं त्यांना नुसती गुणगुण म्हणून ऐकू यायचं.

पहिल्या गुरुवारी त्यांनी “काय चाललंय?” म्हणून विचारलं तेव्हा मी थर्मामीटर घेऊन शेजारी होते. मी सांगायला लागले. माझे आप्पा इचलकरंजीत मागावरच होते. अशा माणसाशी कसं बोलायचं ते मला घरूनच माहीत होतं. किंचाळायचं नाही. तोंड कानाच्या पाळीशी न्यायचं, आवाज छातीतून काढायचा आणि एकेक शब्द सुटा टाकायचा.

“तुझं ऐकू येतं की मला!” ते चकित होऊन म्हणाले.

तिथून ते माझं कामच झालं. आमच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर मॅकब्राइड म्हणजे स्कॉटलंडच्या, शिस्तीला पोलाद. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर. “हा माणूस एकदा जरी हसला नर्स, तरी टीव्ही बंद.”

आता मेजर टॉलिव्हर दर पाच मिनिटांनी काहीतरी विनोदी बोलायचा. तो बोलला की बाकीचा वॉर्ड हसायचा आणि मिस्टर रॉस्ट्रन विचारायचे, “काय म्हणाला?” मी म्हणायचे, “ते मी तुम्हाला बरे झाल्यावर सांगेन.” असे सतरा विनोद मी एका वहीत मागे लिहून ठेवले होते.

माझं सांगणंही काही सरळ नसायचं. शब्द अडायचे. मिस क्वेलचा चकचकीत काळा कोट सांगताना मला शब्द सापडेना, तेव्हा मी म्हटलं, “पावसात भिजलेल्या म्हशीच्या पाठीसारखा.” मग मिस्टर रॉस्ट्रन हळूच म्हणाले, “दिसला. मला दिसला तो कोट.” तिसऱ्या गुरुवारी माझ्या लक्षात आलं की डॉयल टीव्हीकडे बघतच नाहीत. ते गोदीत काम करणारे आयरिश गृहस्थ. त्यांचा एक डोळा उघडा होता, चांगला होता. तोही मिटून ते माझं ऐकत पडले होते.

आज त्या मालिकेचे एकोणचाळीसच्या एकोणचाळीस भाग माझ्याकडे आहेत. भाच्याने लंडनहून डीव्हीडींचा डबाच आणून दिला. मालिकेच्या चाहत्यांचं एक मंडळ आहे, त्यांचं पत्रक दर तीन महिन्यांनी येतं. कुठल्या भागात मेजरच्या कोटाचं बटण तुटलेलं आहे, मिस क्वेलच्या गाडीचा नंबर किती वेळा बदलला, अशा गोष्टींवर पिकल्या केसांची माणसं त्यात हिरिरीने भांडतात. मीही भांडते. त्यांनी एकदा विचारलं होतं, तुमचा सगळ्यात आवडता भाग कोणता आणि तो पहिल्यांदा कुठे पाहिला? मी काहीतरी लिहून पाठवलं. खरं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मिसेस रॉस्ट्रन बुधवारी आणि रविवारी दुपारी यायच्या. भेटायच्या वेळा तेवढ्याच होत्या. ठेंगणी, नेटकी बाई, ईडिथ नाव. नवऱ्याचा हात हातात घेऊन तासभर गप्प बसायच्या. मला वाटायचं, काय ही माणसं! महिना झाला नवरा असा पडलाय आणि हिच्या तोंडातून शब्द नाही. पण एका बुधवारी मी समोरच्या खाटेची चादर बदलत होते तेव्हा दिसलं. त्या बोलत होत्या. ओठ सारखे हलत होते, आवाज मात्र नव्हता.

नंतर मी मिस्टर रॉस्ट्रनना विचारलं. ते म्हणाले, “ती पण विणकरच. आमच्या गिरणीत आवाज करून काय उपयोग? सगळं ओठांवर. आमचं लग्नसुद्धा असंच ठरलं, मी या मागावर, ती त्या मागावर. एकतीस वर्षं झाली, घरीही तेच. टीव्ही बघताना ती मला ओठांनी सांगते आणि मी वाचतो.” मग म्हणाले, “आता बोलते का गं ती?”

“बोलतात,” मी म्हटलं. “ओठ हलत असतात.”

“सवय,” ते म्हणाले. “तिच्या लक्षात येत नसेल.”

डिसेंबरात दुसरं ऑपरेशन झालं. पट्टी एका मंगळवारी सुटली. सर्जननी खिडकीपाशी नेऊन टॉर्च मारला, बोटं दाखवली. मी ट्रे धरून उभी होते.

“उजेड वाटतो का?”

“वाटतोय असं वाटतं,” मिस्टर रॉस्ट्रन म्हणाले.

“छान. पट्टी पुन्हा बांधू. आणखी दोन आठवडे पाहू.”

सर्जन दाराबाहेर गेले आणि बरोबरच्या तरुण डॉक्टरला म्हणाले, “पडदा पार सुरकुतलाय. आत काही उरलं नाही. नाताळ होऊ दे, मग सांगू त्याला.” मी ट्रे घेऊन त्यांच्या मागेच होते. मी पेशंटजवळ परत आले तेव्हा त्यांनी विचारलं, “काय म्हणाले गं बाहेर?”

“मला सगळं ऐकू नाही आलं,” मी म्हटलं.

दोन दिवसांनी गुरुवार. ‘द क्वाएट डेस्क’चा शेवटचा भाग. पेपरांतून महिनाभर चर्चा चालली होती. मिस्टर रॉस्ट्रन सकाळपासून जेवले नव्हते. मी खुर्ची ओढली तर म्हणाले, “आज राहू दे पोरी.” पण ती धून सुरू झाली आणि त्यांचं बोट चादरीवर ताल धरायला लागलं. मी सांगायला सुरुवात केली.

धुकं होतं. समुद्रात आत गेलेला लाकडी धक्का. मेजर टॉलिव्हरकडे कागदपत्रं, ती टोकाशी येणाऱ्या होडीत द्यायची. मिस क्वेल किनाऱ्याशी गाडीत बसलेली. मेजर चालत गेला. धुक्यात दिसेनासा झाला. मग गोळीचा आवाज आला. एवढा मोठा की मिस्टर रॉस्ट्रननाही तो जाणवला.

“ते काय होतं?”

पडद्यावर पाणी होतं. पाण्यावर मेजरची टोपी तरंगत होती. नुसती टोपी. मी त्यांच्याकडे पाहिलं. पट्ट्यांखाली तोंड किंचित उघडं, सगळा जीव कानात.

“दार,” मी म्हटलं. “गाडीचं दार. मिस क्वेल धावत निघाली.”

“आणि मेजर?”

“पाण्यात पडलाय. पण लोखंडी शिडी आहे धक्क्याला. तो... तो धरतोय शिडी. चढतोय.”

माझा आवाज वॉर्डभर ऐकू जात होता. समोर पडद्यावर मिस क्वेल रिकाम्या धक्क्यावर एकटी उभी होती. मी बारा खाटांकडे बघायचं टाळलं.

“लागलं नाही ना त्याला?”

“दंडाला थोडं. उभा राहिला बघा. तिला म्हणतोय, माफ करा हं, उशीर झाला.”

कुणीतरी खाकरलं. मग शेजारच्या खाटेवरून डॉयलचा घोगरा, मुद्दाम चढवलेला आवाज आला, “कोट मात्र वाया गेला बिचाऱ्याचा. चांगला होता.” पलीकडून आणखी एक जण म्हणाला, “वाळेल की.” टीव्हीवर नावं सरकत होती. बारा नंबरच्या म्हाताऱ्याने डोळे पुसले.

मिस्टर रॉस्ट्रननी चादरीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, “मला सूप चालेल आता.”

पुढचे तीन दिवस अख्ख्या वॉर्डाने तोंडात मिठाची गुळणी धरली. सफाईवाल्या बाईने विषय काढला तर डॉयलनी तिला डोळा मारून गप्प केलं. आम्ही एक विसरलो. मालिका घरोघरी दिसते.

रविवारी दुपारी मिसेस रॉस्ट्रन आल्या. हात धरून बसल्या. ओठ हलायला लागले, आणि थांबले. त्या दिवशी बहुधा त्या काहीतरी ठरवून आल्या होत्या. त्यांनी घसा खाकरला आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून, कधी न वापरलेल्या उंच, कोरड्या आवाजात जवळजवळ ओरडल्या, “वाईट झालं ना हॅरल्ड, मेजरचं!”

“काय वाईट? कोट?”

“बुडाला ना तो! गोळी लागली आणि बुडाला. मी रडले रे एकटी.”

सगळ्या वॉर्डाने ऐकलं. मी सहा नंबरपाशी औषधाची बाटली घेऊन उभी. मिस्टर रॉस्ट्रननी डोकं वळवलं नाही, बंदी होती, पण मला कळलं की ते मला शोधतायत.

“तुझ्या टीव्हीवर बुडाला असेल,” ते शेवटी म्हणाले. “आमच्या वॉर्डात नाही बुडाला.”

मिसेस रॉस्ट्रन गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. भेटीची वेळ संपली. त्या गेल्यावर मिस्टर रॉस्ट्रननी हाक मारली.

“नर्स हावळ.”

एरवी ते मला पोरी म्हणायचे. मी गेले.

“खोटं बोललीस.”

“हो.”

“पहिल्यांदाच?”

मला मंगळवार आठवला. “नाही. दुसऱ्यांदा.”

“बाहेर काय म्हणाले ते ऐकू आलं होतं तुला.”

“हो.”

“बस,” ते म्हणाले. मी खुर्चीत बसले. नर्सने, त्यातही ट्रेनिंगमधल्या नर्सने, असली गोष्ट पेशंटला सांगायची नसते. ते डॉक्टरांचं काम.

“मी आता एक विचारतो. ‘छान’ म्हणू नकोस आणि ‘कळत नाही’ही म्हणू नकोस. हा डोळा उघडणार आहे का?”

मी त्यांच्या कानाशी वाकले. जवळ जाऊन सांगायचं म्हणजे आवाज चोरता येत नाही. छातीतून काढावा लागतो.

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी चादर मुठीत धरली. मूठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. त्यांच्या जागी मी आप्पांना पाहत होते का, असं मला नंतर वाटलं. त्या क्षणी मात्र तिथे फक्त ती मूठ होती. डॉयलनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

मग ते म्हणाले, “बरं. आता तो कसा बुडाला ते सांग.”

“आत्ता?”

“आत्ता. काही गाळू नकोस.”

मी सांगितलं. पहिल्यापासून. धुकं कसं, धक्क्याच्या फळ्या कशा ओल्या, मेजरने जाताना मिस क्वेलला आपली ती चघळायच्या गोळ्यांची पुडी कशी दिली आणि तिने ती न बघता खिशात टाकली. गोळीचा आवाज. टोपी. मिस क्वेल किती वेळ उभी राहिली. मग ती एकटी त्या खोलीत आली, टेलिफोन वाजत होता, तिने उचलला आणि म्हणाली, “क्वाएट डेस्क.” आवाज जराही कापला नाही. एवढं सांगताना माझाच आवाज कापत होता. त्यांच्या पट्ट्या ओल्या झाल्या तेव्हा मला भीती वाटली, रडण्याचीही बंदी असेल का? मग आठवलं, की आता कसलीच बंदी नाही.

सोमवारी सिस्टर मॅकब्राइडनी मला ऑफिसात उभं केलं.

“मिस्टर रॉस्ट्रनना कुणी सांगितलं?”

“मी.”

“ते म्हणतात, त्यांना आधीच समजलं होतं. तुम्ही फक्त शेजारी बसला होतात.”

“ते मला वाचवतायत सिस्टर. मी सांगितलं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “आजपासून तुम्ही म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डात,” त्या म्हणाल्या. मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, “तो काल रात्री झोपला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.” मी वळून पाहिलं तर त्या कागदांत डोकं घालून बसल्या होत्या.

नाताळाआधी मिस्टर रॉस्ट्रन घरी गेले. मला भेटता आलं नाही.

मे महिन्यात एक पत्र आलं. मोठी, शाळकरी अक्षरं. ‘प्रिय नर्स, मालिका पुन्हा पहिल्यापासून दाखवतायत. हॅरल्डला ऐकायची असते. मला सांगता येत नाही. मी बोलले की तो म्हणतो, तू नुसतं काय घडतंय ते सांगतेस, नर्स दाखवायची. तुम्ही कसं करायच्या ते लिहून कळवाल का? तुमची, ईडिथ रॉस्ट्रन.’

मी चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि फाडलं. काय लिहिणार? शेवटी एका गुरुवारी सुट्टी होती, मीच गेले. एकमेकांना खेटून उभी विटांची घरं, त्यातलं एक. बाईंनी पाव, लोणी आणि डब्यातले पीच मांडले होते. मिस्टर रॉस्ट्रन काळा चष्मा लावून खुर्चीत, अंगाने भरलेले. कानाशी माझा आवाज ऐकताच म्हणाले, “ते सतरा विनोद देणं लागतेस तू!” मी वही नेली होती. वाचून दाखवली. त्यांना सतरापैकी तीन आवडले.

साडेसात झाले. धून वाजली. मिसेस रॉस्ट्रननी माझ्यासाठी नवऱ्याच्या कानाशी खुर्ची सरकवून ठेवली होती. मी म्हटलं, “नको. मी पाहुणी आहे. मी इथे बसते.” आणि चहाचा कप घेऊन मागच्या बाकावर गेले. त्या नाइलाजाने त्या खुर्चीत बसल्या.

“ती आली,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“तीच. कोट घालून.”

“कसला कोट?”

“मला नाही आवडला.”

पडद्यावर मिस क्वेल चोरपावलांनी जिना चढत होती आणि वर एक माणूस सुरा घेऊन दबा धरून बसला होता. मिसेस रॉस्ट्रनना त्याचा पत्ताच नव्हता. “जिना फार घाण आहे,” त्या सांगत होत्या. “कुणी पुसलेलाच नाही. कठड्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. हा तिने हात लावला. आता तो कोट खराब होणार.”

मिस्टर रॉस्ट्रननी मान माझ्याकडे वळवली. “काय गं पोरी? आहे का एवढी धूळ?”

जिभेवर तो सुरा घेतलेला माणूस आला होता. मी चहाचा घोट घेतला.

“मी बघत नव्हते मिस्टर रॉस्ट्रन,” मी मागून त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं. “मी यांचं ऐकत होते.”

मिसेस रॉस्ट्रननी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, आवाज न करता. काय म्हणाल्या ते मला वाचता आलं नाही. मग त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला.

“मग? पुढे काय?” ते म्हणाले.

“थांब रे जरा,” त्या म्हणाल्या. “तिला चढू दे. सांगते.”